दारातले पाहुणे : साप, पाली आणि इस्पितळाचे बिल

ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे नागपूरचे ऊन आणि मुंबईचा दमटपणा एकाच ताटात वाढलेला! अशा दिवसांत आमच्या मागच्या अंगणात कढीपत्ता, तुळस आणि दुधीचा वेल जोरात असतो. तिथेच दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, वाईहून आलेल्या माझ्या सासूबाईंना साप चावला.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. फोडणीसाठी कढीपत्ता आणायला आई सपाता घालून, दिवा न लावता बाहेर गेल्या आणि लगेच ओरडल्या, ‘‘अगं, काहीतरी टोचलं!’’ घोट्याजवळ दातांच्या दोन खुणा होत्या. आमचे हे फावडे शोधायला गराजकडे धावले, मी बर्फ आणि बांधायला ओढणी घेऊन आले. आई मात्र म्हणाल्या, ‘‘त्याला मारू नका रे. माझाच पाय त्याच्यावर पडला असेल.’’

आमची दोघांची धावपळ चुकीचीच होती. ९११ वर फोन लागताच पलीकडच्या बाईंनी बजावले : बर्फ नको, आवळून बांधणे नको, जखम कापणे वा चोखणे नको आणि सापाच्या मागे जाणेही नको. पायातली जोडवी काढा, पाय स्थिर ठेवा, त्यांना शांत बसवा. हे वाक्य मी आता स्वयंपाकघराच्या फळीवर लिहून ठेवले आहे.

तो साप कॉपरहेड होता. तांबूस अंग, त्यावर मधे निमुळते होणारे गडद पट्टे. वाळलेल्या पानांत बसला तर दिसतच नाही. याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण सूज आणि वेदना भयंकर. इस्पितळात नर्स सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहीत होती. रेघ घोट्यावरून पोटरीकडे सरकू लागली तेव्हा डॉक्टरांनी प्रतिविष सुरू केले. दोन रात्री तिथे आणि पुढे तीन आठवडे काठी. आई बऱ्या झाल्या, याहून मोठे ते काय?

या देशात दरवर्षी सुमारे सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले सुमारे पाच दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले असावेत, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. फरक आहे तो बराचसा वेळेवर उपचार मिळण्याचा. तिकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी बनते, ते इथे उपयोगाचे नाही. इथले प्रतिविष वेगळे आणि अतिशय महाग.

आता दुसरा दंश, बिलाचा! आईंची व्हिजिटर पॉलिसी आम्ही स्वस्त पाहून घेतली होती. ती ‘ठराविक रकमेची’ निघाली : इमर्जन्सीच्या भेटीला इतके, इस्पितळाच्या दिवसाला इतके, वरचे सारे आपले. बिल पाच आकडी होते. आम्ही प्रथम बाबवार बिल मागितले. एक तपासणी दोनदा लावलेली सापडली. मग आर्थिक साहाय्याचा अर्ज भरला. विना-नफा इस्पितळांना असे धोरण ठेवणे कायद्याने भागच आहे, पण ते आपण होऊन सांगतीलच असे नाही. काही रक्कम कमी झाली, उरलेली हप्त्यांनी फेडली.

म्हणून आईवडिलांना बोलावताना ‘काँप्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी घ्या आणि तिची कमाल मर्यादा वाचा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्राइजेस कायद्याचे संरक्षण आपल्या नेहमीच्या अमेरिकन इन्शुरन्सला आहे, अशा पाहुण्यांच्या पॉलिसीला नाही. जमिनीवरची अँब्युलन्सही त्या कायद्यात येत नाही. मात्र पैशांच्या धास्तीने उशीर करू नका. १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाने रुग्णाला तपासून स्थिर करायलाच हवे, पैसे असोत वा नसोत. साधी शंका असेल तर १-८००-२२२-१२२२ या विषनियंत्रण केंद्राच्या नंबरवर दिवसरात्र फुकट सल्ला मिळतो.

अंगणात दिसणारे बहुतेक साप मात्र बिनविषारीच असतात. इथला रॅट स्नेक म्हणजे आपल्या धामणीचा भाऊबंद, उंदीर खाणारा. व्हरांड्यातल्या दिव्याजवळच्या पाली भूमध्य समुद्राकडून आलेल्या, आपल्यासारख्याच स्थलांतरित! त्या किडे खातात. कुंपणावर हिरव्याचा तपकिरी होणारा सरडाही निरुपद्रवी. पाल विषारी असते हा समज सोडून द्या; फक्त मुलांनी हाताळली तर साबणाने हात धुवायला लावा, कारण साल्मोनेला जंतूंची शक्यता असते.

आमच्याकडे आता पुढील नियम आहेत. गवत आखूड. लाकडांचा ढीग घरापासून दूर. पक्ष्यांचे दाणे सांडू द्यायचे नाहीत, कारण दाण्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे साप. गराजच्या दाराखालची फट बुजवलेली. डांबराच्या गोळ्या टाकायच्या नाहीत; साप त्यांना जुमानत नाहीत आणि मुलांना त्या घातक. अंधारात बंद बूट आणि टॉर्चशिवाय बाहेर पाऊल नाही.

गेल्या वर्षी आई पुन्हा आल्या, यावेळी नीट वाचून घेतलेल्या पॉलिसीसह. नागपंचमीला विळी आणि तवा बाजूला ठेवून त्यांनी पुरणाची दिंडे उकडली, पाटावर नाग काढून पूजा केली. नंतर कढीपत्ता आणायला निघाल्या तेव्हा त्यांच्या पायात नातवाचे बूट होते आणि हातात टॉर्च.