प्रकाशानें झालेला अंधार

प्रकाशानें वस्तु दिसते, असें आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविलें. परंतु अस्थानीं पडलेला प्रकाश वस्तु झांकतोही, हा धडा आम्हांस उतारवयांत मिळाला.

गतवर्षीं गणेशचतुर्थीसाठीं चिरंजीवांच्या मोटारींतून आम्ही रात्रीं मुंबईहून संगमेश्वरास येत होतों. वाटेंतील एका पेठेंत जाहिरातीचा विजेचा पडदा झळकत होता व त्यावरील चित्रें क्षणोक्षणीं पालटत होतीं. पेठ मागें पडून रस्ता काळोखांत शिरतो न शिरतो तोंच, मध्यें बसलेलीं गुरें अगदीं मोटारीच्या तोंडाशीं दिसलीं! गति बेताची होती, म्हणूनच अनर्थ टळला.

मोटारीचे दिवे चालू असतां असें कां व्हावें? याचें कारण नेत्राच्या रचनेंत आहे. उजेडांत पाहणाऱ्या पेशी निराळ्या व अंधुक प्रकाशांत पाहणाऱ्या निराळ्या. प्रखर तेजानंतर डोळा काळोखास पूर्णपणें सरावण्यास 20 ते 30 मिनिटें लागतात. आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांच्या नेत्रभिंगांत प्रकाश अधिक विखुरतो, त्यामुळें दिपलेली दृष्टि सावरण्यास विलंब होतो. ताशीं 60 किलोमीटर वेगानें मोटार दोन सेकंदांत सुमारें 33 मीटर पुढें जाते. तेवढें अंतर जणूं डोळे मिटून कापलें जातें.

शिवाय पालटतें चित्र नजर खेंचण्यासाठींच योजलेलें असतें. 2006 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, दोन सेकंदांहून अधिक काळ नजर रस्त्यावरून ढळल्यास अपघाताचा संभव निदान दुप्पट होतो, असें आढळलें.

13 मे 2024 रोजीं घाटकोपर येथें प्रचंड जाहिरातफलक कोसळून 17 जणांचे प्राण गेले. तेव्हांपासून फलकाच्या सांगाड्याची चौकशी होऊं लागली, हें योग्यच. पण त्याच्या तेजाची चौकशी कोण करतो? दिव्यांनीं उजळलेल्या रस्त्याची दीप्ति दर चौरस मीटरास एक-दोन कँडेला असते. उलट भर उन्हांत दिसावा म्हणून पडद्यास कित्येक सहस्र कँडेला लागतात. तेंच तेज रात्रीं कायम ठेवणें सर्वथा अनुचित होय. दिल्लींतील वाहतुकीस धोकादायक फलक काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें 1997 सालींच दिला होता.

आमच्या संगमेश्वरास महामार्ग शास्त्री नदी ओलांडतो. उद्यां त्या पुलाजवळ असा पडदा उभा राहूं लागला, तर ग्रामस्थांनीं तीनच प्रश्न विचारावे: रात्रीं तो आपोआप मंद होईल काय? चित्र स्थिर राहील काय? वळणापासून तो दूर आहे काय?

तोंवर वाचकांनीं आपल्या मुलांस एवढें अवश्य सांगावें, कीं झगमगाट मागें पडतांच वेग वाढवूं नये. तो कमीच करावा. घरीं वाट पाहणाऱ्यांस दहा मिनिटांचा उशीर चालतो.