तालयंत्राचा दोष आणि तंबोऱ्याची जवारी

जुनी तालयंत्रे आता संगणकाच्या आज्ञावलीत नव्याने वाजू लागली आहेत. गंमत अशी, की ती उतरविताना गुणांपेक्षा दोषच अधिक जपावे लागतात. रोलंड ह्या जपानी कंपनीचे ८०८ हे यंत्र १९८० ते १९८३ एवढेच निघाले. त्यातील ध्वनीला खरखर यावी म्हणून सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम निवडले होते. खऱ्या ड्रमची नक्कल काही साधली नाही. पण त्या न साधण्यालाच पुढे चाहते लाभले. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ह्याच यंत्राच्या ठेक्यावर ललत, तोडी, मालकंस वाजविले. तेव्हा उपेक्षित राहिलेली ती ध्वनिमुद्रिका २०१० साली हॉलंडमधून पुन्हा निघाली.

आम्हां बेळगावकरांना ह्याचे नवल वाटू नये. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? घोडीवर तारेखाली सरकविलेले सूत. स्वच्छ तारेला जाणूनबुजून दिलेली खरखरच ती!

शिकवणीची मुले हल्ली मोबाईलमधला तंबोरा लावतात. त्यातली जवारी चांगली असते, नाही असे नाही. पण ती दुसऱ्याने लावलेली. सूत केसभर सरकविताना कानाला जे कळते, ते तिथे कळायचे कसे? आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटे मोबाईल बाहेर, आणि खुंट्या मुलांच्या हातात.