जाड डांबराचा भ्रम

रस्त्याला खड्डा पडला की ‘डांबर कमी टाकलं’ असा निकाल गावोगाव लगेच लागतो. डांबरी रस्त्याचं शास्त्र मात्र तळापासून सुरू होतं. चाकाचा भार डांबर, खडी आणि मुरमातून पसरत शेवटी मूळ मातीवर येतो आणि ती दबली तर वरचा जाड थरही तडकतो. सावदा, फैजपूर, रावेर हा जळगाव जिल्ह्यातला तापीकाठचा केळीचा पट्टा. केळीला मानवणारी इथली काळी माती रस्त्याला मात्र मानवत नाही, कारण ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी हीच माती पावसाळ्यात ढिली पडते. म्हणून तिची ताकद, म्हणजे सीबीआर, नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मोजतात. काळ्या मातीत हा आकडा अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ३७’ ही मार्गदर्शिका जड वाहतुकीच्या रस्त्याखाली किमान ५ टक्के मागते. ती भरत नसेल तिथे माती बदलणं किंवा चुन्यानं सुधारणं हाच खरा उपाय.

दुसरा गैरसमज वर्दळीचा. दुचाकी आणि मोटारींनी रस्ता फारसा झिजत नाही, म्हणून संकल्पनात ३ टन आणि त्याहून जड व्यापारी वाहनंच धरतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचणीतून दिसलं, की आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे १६ पट होतं. त्यामुळे केळीच्या हंगामात नुसते ट्रक मोजून भागत नाही, त्यांच्या आसांचं वजन करावं लागतं.

‘हे सगळं खरं, पण मूळ दुखणं भ्रष्टाचाराचंच,’ असा आक्षेप येईल. निकृष्ट काम होतं आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण माती कोरडी तपासली, भार कमी धरला, तर प्रामाणिकपणे ओतलेलं डांबरही वाया जातं. शिवाय जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात डांबरी पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तिथे मऊ प्रतीचं डांबर जाड ओतलं तर चाकोऱ्याच पडतात. व्हीजी-४० सारखी कडक प्रत लागते. साइडपट्टीचा उतार आणि गटार नसेल, तर पाणी मुरून तळ पुन्हा ढिला होतो. म्हणून गावात रस्त्याचं काम निघालं, की डांबराची जाडी विचारण्याआधी भिजवलेल्या मातीचा सीबीआर आणि आसभाराची नोंद मागा.