नेटवर्कचे पत्ते, त्यांची नावे आणि एकच नोंदवही

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. यंत्रांना तो सोयीचा असला तरी माणसांच्या लक्षात राहत नाही. म्हणून त्या पत्त्याला नाव दिले जाते आणि नावावरून पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस ही यंत्रणा करते. कोणता पत्ता कोणाला दिला आणि कोणते नाव कोणत्या पत्त्याकडे जाते, या दोन नोंदी अचूक असतील तरच नेटवर्क सुरळीत चालते. या नोंदी ब्राउझरमधून ठेवण्याची सोय करणारी सॉफ्टवेअर आता मध्यम आकाराच्या कारखान्यांच्या आणि महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली आहेत.

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरेच्या काठी, पुणे-बंगळूर महामार्गावरचे शिरवळ हे अशा गरजेचे चांगले उदाहरण आहे. येथे गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना आहे, याच खंडाळा तालुक्यात एशियन पेंट्सचा रंगांचा कारखाना आहे, शिवाय अनेक लहान-मोठे उद्योग आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही येथेच आहे. अशा गावातल्या एखाद्या मध्यम कारखान्याचा विचार केला, तर कार्यालयातील संगणक आणि प्रिंटर, फाटकावरचे कॅमेरे, हजेरीची बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, वजनकाट्याचा संगणक, उत्पादन साखळीवरचे नियंत्रक, वायफायचे डबे आणि कामगारांचे मोबाइल मिळून पत्ता लागणारी उपकरणे सहज काही शेकड्यांत जातात.

पत्ते कोठून येतात

आजही सर्वाधिक परिचित असलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगात एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. त्यांचे जागतिक वाटप करणाऱ्या आयाना या संस्थेकडील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. आशिया-पॅसिफिक विभागाच्या एपनिकने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून उरलेले पत्ते मोजूनमापून द्यायला सुरुवात केली. भारतात हे वाटप निक्सी या संस्थेची इरिन ही शाखा करते.

कारखान्याच्या आतल्या उपकरणांना मात्र असे जागतिक पत्ते लागत नाहीत. १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारा गट, १७२.१६ ते १७२.३१ हा पट्टा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा गट खासगी वापरासाठी राखून ठेवला आहे. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता लावतो. आवारातील पत्त्यांचे तुकडे पाडतात, त्यांना सबनेट म्हणतात. १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतच्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात. पहिला पत्ता त्या सबनेटच्या ओळखीसाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम निरोप देण्यासाठी राखीव असल्याने उपकरणांना २५४ उरतात. कार्यालयाला एक सबनेट, कॅमेऱ्यांना दुसरे, यंत्रांच्या नियंत्रकांना तिसरे, अशी विभागणी केली तर एका भागातला बिघाड किंवा व्हायरस दुसऱ्या भागात पसरण्याला आळा घालता येतो.

गोंधळ कसा होतो

पत्ता दोन प्रकारे मिळतो. संगणक आणि मोबाइल यांना डीएचसीपी सर्व्हर ठरावीक मुदतीसाठी आपोआप पत्ता देतो. प्रिंटर, कॅमेरे, नियंत्रक यांना तो कायमचा हाताने दिला जातो. समजा, वजनकाट्याच्या प्रिंटरला बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने रिकामा वाटला तो पत्ता दिला आणि तो पत्ता डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्यातला निघाला. प्रिंटर काही दिवस व्यवस्थित चालतो. मग एके सकाळी तोच पत्ता एखाद्या लॅपटॉपला मिळतो, पावत्या छापायच्या थांबतात आणि मालाच्या गाड्यांची रांग लागते. लॅपटॉप घरी गेला की प्रिंटर पुन्हा चालू होतो, त्यामुळे दोष सापडत नाही.

अशा नोंदी बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये ठेवलेल्या असतात. एका माणसाने सांभाळलेल्या लहान नेटवर्कला ते पुरते. पण फाइलच्या दोन-तीन प्रती झाल्या, एकाने बदल एका प्रतीत केला आणि दुसऱ्याने दुसरी उघडली, की नोंद आणि प्रत्यक्ष यांची फारकत होते. सातबाऱ्यावर एक नाव आणि वहिवाट दुसऱ्याची असली की वाद ठरलेला. नेटवर्कच्या नोंदींचेही तसेच आहे.

आयपीव्ही६ आल्यावर एक्सेलची पद्धत आणखी अपुरी पडते. त्यात पत्ता १२८ बिटांचा असून एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते. एका साध्या सबनेटमध्येच आयपीव्ही४च्या सगळ्या पत्त्यांच्या कित्येक कोटीपट पत्ते मावतात. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर भारतातील मोबाइल नेटवर्कवर ही पद्धत झपाट्याने पसरली. अंक आणि अक्षरे मिसळलेले असे लांबलचक पत्ते हाताने उतरवून घेण्यात चूक होणारच.

ब्राउझरमधली नोंदवही

पत्त्यांच्या व्यवस्थापनासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरला आयपॅम म्हणतात. पीएचपी-आयपॅम आणि नेटबॉक्स ही त्यांतील दोन प्रसिद्ध मुक्तस्रोत उदाहरणे. नेटबॉक्स मूळ डिजिटलओशन या कंपनीने आपल्या गरजेसाठी तयार केले आणि २०१६ मध्ये सर्वांना खुले केले. दोन्ही संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. सगळ्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये राहतात आणि अधिकार असलेला कोणीही त्या ब्राउझरमधून पाहतो, त्यामुळे कोणती प्रत खरी हा प्रश्नच उरत नाही.

पडद्यावर आधी सबनेटची उतरंड दिसते: संस्था, तिच्या इमारती, प्रत्येक इमारतीतील सबनेट. एखादे सबनेट उघडले की कोणते पत्ते वापरात आहेत, कोणते राखून ठेवले आहेत आणि कोणते मोकळे आहेत हे कळते. नवा कॅमेरा बसवायचा असेल तर पुढचा मोकळा पत्ता सॉफ्टवेअर स्वतः सुचवते. त्यासोबत उपकरणाचे नाव, जागा, जबाबदार विभाग आणि ते कोणत्या स्विचच्या कोणत्या तोंडाला जोडले आहे, हेही नोंदवता येते. एकच पत्ता दुसऱ्यांदा देऊ पाहिल्यास ते अडवते. कोणी, कधी, काय बदलले याचा इतिहास राहतो. देखभालीच्या ठेकेदाराला फक्त कॅमेऱ्यांचे सबनेट दिसावे आणि बाकीचे दिसू नये, असे अधिकारही ठरवता येतात.

नोंद आणि प्रत्यक्ष यांचा मेळ घालण्याबाबत या दोघांची वाट वेगळी आहे. पीएचपी-आयपॅम ठरावीक वेळाने प्रत्येक पत्त्याला पिंग करून कोण उत्तर देते ते तपासू शकते. नेटबॉक्स नेटवर्क कसे असायला हवे त्याची नोंद ठेवते आणि प्रत्यक्ष तपासणी इतर साधनांवर सोपवते. पिंगवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अनेक संगणकांचे फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही आणि सुट्टीच्या दिवशी बंद ठेवलेले यंत्रही गप्पच असते. उत्तर आले नाही म्हणून पत्ता मोकळा समजणे हीच वजनकाट्याच्या प्रिंटरची कथा. म्हणून राउटरजवळची अलीकडे दिसलेल्या उपकरणांची यादीही पाहावी लागते.

नावांची बाजू

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये होती आणि ती कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेतून सर्वांना पुरवली जाई. संगणक वाढले तशी ती फाइल सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यात नावांची जबाबदारी वरून खाली वाटून दिली जाते: शिखरावर रूट, त्याखाली डॉट इन किंवा डॉट कॉम, त्याखाली संस्थेचे डोमेन. आपल्या डोमेनखालच्या नोंदी ज्याच्या त्याने सांभाळायच्या.

या नोंदींचे प्रकार ठरलेले आहेत. ए नोंद नावाला आयपीव्ही४चा पत्ता देते, क्वाड-ए नोंद आयपीव्ही६चा. सीनेम एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवते. एमएक्स ईमेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायची ते सांगते. टीएक्सटी नोंदींमध्ये इतर गोष्टींबरोबर आपल्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणाला, हे जाहीर केले जाते. पीटीआर नोंद उलट चालते आणि पत्त्यावरून नाव सांगते. प्रत्येक नोंदीला सेकंदांत मोजलेली मुदतही असते, तेवढा वेळ जगभरचे सर्व्हर ती आपल्याजवळ धरून ठेवतात.

बाइंडसारख्या जुन्या आणि भरवशाच्या डीएनएस सर्व्हरमध्ये या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. पूर्ण नावाच्या शेवटचे एक टिंब राहिले तर त्या नावापुढे डोमेन पुन्हा जोडले जाते आणि नोंद निरुपयोगी ठरते. फाइलचा अनुक्रमांक वाढवायचा राहिला तर दुय्यम सर्व्हर जुनीच माहिती देत बसतात. वेबवरून चालणारे सॉफ्टवेअर हे काम अर्जाच्या चौकटींतून करून घेते. ते टिंब आणि अनुक्रमांक स्वतः सांभाळते, चुकीच्या रूपातला पत्ता नाकारते आणि सांगितल्यास ए नोंदीबरोबर तिची पीटीआरही तयार करते. पॉवरडीएनएस हा सर्व्हर नोंदी थेट डेटाबेसमध्ये ठेवू शकतो आणि पीएचपी-आयपॅम त्याला जोडता येते. मग नव्या कॅमेऱ्याला पत्ता देणे आणि त्याचे नाव डीएनएसमध्ये घालणे ही दोन कामे एकाच जागी होतात.

मराठी नावांसाठी आणखी एक पायरी असते. २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालेल्या डॉट भारत या डोमेनखाली मराठीतही नाव घेता येते. पण डीएनएसच्या आत ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवले जाते. चांगले सॉफ्टवेअर हे रूपांतर स्वतः करते आणि पडद्यावर मराठी नावच दाखवते.

नाव बदलण्याची कसोटी

डीएनएसच्या व्यवस्थापनाची मोठी कसोटी २०२५ मध्ये बँकांची लागली. फसव्या संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हे राखीव डोमेन जाहीर केले. २२ एप्रिलच्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्यास सांगितले. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे होते. सहकाराचे जाळे दाट असलेल्या सातारा-सांगली पट्ट्यात जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांनाही हा आदेश लागू होता.

असे स्थलांतर क्रमाने करावे लागते. जुन्या डोमेनच्या सगळ्या नोंदींची यादी करायची. त्यांची मुदत काही दिवस आधीच एक दिवसावरून पाच मिनिटांवर आणायची, म्हणजे बदल लवकर सर्वत्र पोहोचतो. नव्या डोमेनवर संकेतस्थळाच्या, ईमेलच्या आणि ईमेलच्या अधिकृततेच्या नोंदी तयार करून तपासायच्या. जुने डोमेन लगेच सोडून न देता त्यावरून ग्राहकांना नव्याकडे वळवत राहायचे. नोंदींची यादी आधीपासून एका जागी आहे त्या संस्थेला हे काम सोपे जाते. तशी यादी नसेल, तर बंद केलेल्या सेवेकडे बोट दाखवणारी एखादी विसरलेली नोंद मागे राहते आणि ती जागा दुसऱ्याच्या हाती गेली की संस्थेच्या नावाने फसवणूक होऊ शकते.

सोयीबरोबर येणारी जोखीम

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. अमुक वेळी अमुक पत्ता कोणत्या उपकरणाकडे होता, हे त्यासाठी सांगता आले पाहिजे. आयपॅम आणि डीएचसीपी यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या असतील, तर ते उत्तर लवकर मिळते.

मात्र ज्या पडद्यावरून सगळे नेटवर्क बदलता येते, तो चुकीच्या हाती पडला तर संपूर्ण नकाशाच त्याला मिळतो. म्हणून हे सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघडे ठेवू नये. प्रत्येकाला वेगळे खाते, पासवर्डसोबत दुसरी खूण आणि कामापुरताच अधिकार असावा. बदल आपोआप होत असतील तर जपून राहणे आणखी आवश्यक ठरते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत नोंदी आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेतील दोषामुळे एका महत्त्वाच्या सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाली आणि जगभरच्या अनेक सेवा कोलमडल्या.

लहान संस्थेने सुरुवात आहे त्या एक्सेलपासून करावी. ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये उतरवावी, नेटवर्क तपासून तफावती काढाव्यात, नावे देण्याचा नियम ठरवावा आणि एका तारखेपासून प्रत्येक बदल याच नोंदवहीतून होईल असे बंधन घालावे. डेटाबेसची प्रत रोज वेगळ्या जागी ठेवून ती उघडते का, हे अधूनमधून पाहावे. या सर्व्हरचा अंकी पत्ताही कागदावर लिहून ठेवावा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे डीएनएस सर्व्हर जगापासून तुटले, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची अंतर्गत साधनेही चालेनाशी झाली होती. नावे सांभाळणारी यंत्रणा दुरुस्त करताना नावावाचून तिच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे.