बेसबॉलचा डाव

खेळ कोणताही असो, तो कोठे तरी संपावा लागतो. फुटबॉल किंवा हॉकी यांसारखे खेळ घड्याळ संपविते. ठरलेली मिनिटे भरली, पंचांची शिट्टी वाजली, की मागे पडलेल्या संघाच्या हाती काही उरत नाही. पुढे असलेला संघ तर अखेरची काही मिनिटे चेंडू नुसता इकडून तिकडे खेळवीत वेळ काढू शकतो. बॅट आणि चेंडू यांच्या खेळांचे माप मात्र फार पूर्वीपासून निराळे आहे. तेथे डाव मोजतात. आणि डाव मुख्यतः संपतो तो गडी बाद झाल्याने.

क्रिकेटचा डाव आपल्याकडील मुलांना परिचित आहे. अकरा खेळाडूंपैकी दहा बाद झाले, की त्या संघाचा डाव आटोपतो. कसोटी सामन्यात प्रत्येक संघाला असे दोन डाव मिळतात. एकदा बाद झालेला फलंदाज त्या डावात पुन्हा बॅट हाती घेऊ शकत नाही. म्हणूनच एखादा चिवट फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर पाय रोवून उभा राहतो.

अमेरिकेत वाढलेल्या बेसबॉलचा डाव याहून फार लहान असतो. या खेळाचे मैदान चौकोनी असून त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर पांढरी पाटी बसविलेली असते. तिला ‘होम प्लेट’, म्हणजे जणू घरची पाटी, असे नाव आहे. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस असतात. एका कोपऱ्यापासून दुसरा कोपरा ९० फूट दूर असतो. पाटीजवळ उभे राहून फलंदाजाने चेंडू टोलवावयाचा आणि तिन्ही बेसांना क्रमाने स्पर्श करून पुन्हा घरी यावयाचे. असे केले, की एक धाव होते. ही फेरी एका दमात पुरी केली पाहिजे असे नाही. एखाद्या बेसवर थांबून पुढच्या सोबत्याच्या टोल्याची वाट पाहता येते. परंतु तीन खेळाडू बाद झाले, की त्या संघाची पाळी तेथेच संपते.

हे तीन बाद किती कठोर असतात, ते एका उदाहरणाने कळेल. समजा, पहिल्या फलंदाजाने चेंडू टोलवला आणि तो पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. दुसऱ्याने उंच मारलेला चेंडू झेलला गेला, एक बाद. तिसऱ्याने जोरकस टोला मारून दुसरा बेस गाठला आणि त्याच्या पुढचा सोबती तिसऱ्या बेसपर्यंत सरकला. आता घर अवघे ९० फूट उरले. चौथ्या फलंदाजाला चेंडू फेकणाऱ्याने, म्हणजे पिचरने, तीनदा चकविले, दोन बाद. पाचव्याने चेंडू जमिनीलगत मारला. क्षेत्ररक्षकाने तो चपळाईने उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाजाच्या आधी चेंडू तेथे पोहोचला. तीन बाद! तेवढ्या अवधीत तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धावत घरी आला असला, तरी ती धाव धरली जात नाही. घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या त्या बिचाऱ्याचे सारे श्रम फुकट जातात.

तथापि बाद झालेल्यांना फार काळ खंत करीत बसावे लागत नाही. नऊ फलंदाजांचा क्रम आरंभीच ठरलेला असतो. त्या संघाची पुढची पाळी सहाव्यापासून सुरू होते आणि क्रम फिरत फिरत पुन्हा पहिल्यापाशी येतो. मध्यंतरी दुसरा संघ फलंदाजी करतो. दोन्ही संघांच्या पाळ्या झाल्या, की मगच एक डाव पुरा झाला असे मानतात. क्रिकेटमध्ये एका संघाची फलंदाजी म्हणजे एक डाव. बेसबॉलमध्ये तो अर्धाच डाव ठरतो. आपल्या खो-खोतही पाठलाग आणि पळती अशा दोन्ही पाळ्या मिळून एक डाव होतो. मात्र तेथे पाळी मिनिटांवर मोजतात.

असे नऊ डाव खेळावयाचे, हा नियम आरंभीचा नव्हे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर मंडळाने १८४५ साली जे नियम लिहून काढले, त्यांत तीन बादांचा नियम होता. परंतु डावांची संख्या नव्हती. जो संघ २१ धावा करील तो जिंकला, असा तो हिशेब होता. १८४६ च्या जूनमध्ये होबोकेन येथे झालेल्या सामन्यात प्रतिपक्षाने चारच डावांत २३ धावा केल्या. निकरबॉकर संघाची धाव एकच! स्वतःच लिहिलेल्या नियमांनी असा पराभव पदरी घेणे मोठे गमतीचे खरे. पुढे १८५७ साली नऊ डावांचा नियम ठरला आणि सामन्याला निश्चित आकार आला. बेसबॉलचे भावंड असलेल्या सॉफ्टबॉलमध्ये सात डाव असतात. फिनलंड देशातील ‘पेसापालो’ या खेळात चार-चार डावांचे दोन भाग करतात.

पाहुणा संघ नेहमी आधी फलंदाजी करतो आणि यजमान संघ नंतर. नवव्या डावाचा पहिला अर्धा भाग संपला असता यजमान पुढे असतील, तर उरलेला भाग खेळतच नाहीत. ते मागे असतील, तर मात्र त्यांचे तीनही गडी बाद केल्यावाचून पाहुण्यांना विजय मिळत नाही. पाच धावांची आघाडी असो की दहा, वेळ काढून काही साधत नाही. पिचरला चेंडू फेकावाच लागतो आणि शेवटच्या फलंदाजालाही आपली संधी मिळते. अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांत २०२३ पासून दोन फेकींमधील वेळ घड्याळाने मोजतात. परंतु सामना संपविण्याचा अधिकार त्या घड्याळाला नाही.

नऊ डावांनंतर बरोबरी झाली, तर दहावा डाव, मग अकरावा, असा खेळ चालू राहतो. क्रिकेटमध्येही पूर्वी असे प्रयोग झाले होते. १९३९ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे इंग्लंडविरुद्धचा सामना दिवसांची मर्यादा न घालता खेळण्यात आला. इंग्लंडला जिंकण्यासाठी ६९६ धावा हव्या होत्या. ५ बाद ६५४ झाल्या असता पाऊस आला, आणि संघाला मायदेशी नेणारी बोट थांबणार नव्हती. सामना अनिर्णितच राहिला.

बेसबॉलमधील सर्वांत लांबलेला व्यावसायिक सामना १८ एप्रिल १९८१ रोजी रात्री अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट गावी सुरू झाला. पाहुणा संघ रॉचेस्टरचा होता. त्याने सातव्या डावात एक धाव केली. पॉटकेटने नवव्या डावात बरोबरी साधली. एकविसाव्या डावात रॉचेस्टर पुन्हा पुढे गेला, आणि त्याच डावाच्या दुसऱ्या अर्ध्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने टोला मारून ती आघाडी पुसून टाकली. मध्यरात्र उलटून गेली. थंडी इतकी होती, की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून हात शेकू लागले. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला खेळ थांबविण्याचा नियम स्पर्धेत होता; परंतु पंचांजवळच्या पुस्तकात तो छापलेलाच नव्हता! अखेर स्पर्धेच्या अध्यक्षांशी दूरध्वनीवर बोलणे झाले आणि बत्तीस डावांनंतर, पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, खेळ थांबला. धावा २-२ होत्या. सुरुवातीच्या १७४० प्रेक्षकांपैकी १९ जण तेवढे मैदानात उरले होते.

दोन महिन्यांनी, २३ जून रोजी, त्याच मैदानावर तेहेतिसावा डाव सुरू झाला. या वेळी मैदान प्रेक्षकांनी भरून गेले होते. रॉचेस्टरला धाव करता आली नाही. पॉटकेटचे तीन खेळाडू तिन्ही बेसांवर पोहोचले आणि त्यांचा एकही गडी बाद झालेला नव्हता. डेव्ह कोझाने चेंडू टोलवला, तिसऱ्या बेसवरून मार्टी बॅरेट धावत घरी आला, आणि सामना संपला. तो डाव अवघा १८ मिनिटे चालला.