बाही सोडू नकोस

२०१५च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा ज्युडोतला सोतो-माकिकोमी हा थ्रो मारायला गेले आणि एकटीच गादीवर आडवी झाले. माझी जोडीदारीण मागे उभीच होती. ती पाठीवर आली, कॉलरने गळा आवळायला लागली आणि मी थाप मारून डाव सोडला. त्यानंतरची चार वर्षं मी गुंडाळून फेकायचे हे थ्रो शिकण्यात घालवली.

‘माकि’ म्हणजे गुंडाळणं, ‘कोमी’ म्हणजे आत ओढून घेणं. ओगोशीसारख्या कमरेच्या थ्रोमध्ये आपण समोरच्याला फेकतो आणि स्वतः उभे राहतो. इथे आपणही जमिनीवर जातो, म्हणून ज्युडोत हे थ्रो ‘सुतेमी’ म्हणजे स्वतःला झोकून देण्याच्या गटात मोडतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान सुरू केलं. तिथल्या १९२०च्या क्रमात चाळीस थ्रो पाच गटांत लावले आहेत. सोतो-माकिकोमी आणि हाने-माकिकोमी हे दोन्ही चौथ्या गटात येतात. म्हणजे बरंच काही शिकून झाल्यावर. मी मात्र पहिल्याच वर्षी त्यांच्या मागे लागले होते, कारण स्पर्धेत ते मोठे दिसत.

हा जाड्या खेळाडूंचा थ्रो आहे, अंगावर वजन टाकलं की झालं, असं आमच्याकडे सर्रास बोललं जायचं. मी बावन्न किलोची. वजन नाही तर वेग, असं ठरवून मी नुसतं खाली कोसळत राहिले. आज मला ती समजूत साफ चुकीची वाटते. उजव्या बाजूने मारताना डावा हात समोरच्याची उजवी बाही ओढतो. उजवा हात कॉलर सोडून त्याच दंडावरून पलीकडे जातो आणि दंड बगलेत पक्का बसतो. मग पदर कमरेभोवती ओढून खोचावा तसा तो हात आपल्या अंगाभोवती घट्ट येईपर्यंत वळत राहायचं. नजर डाव्या खांद्याकडे. डोकं गादीत खुपसायचं नाही, त्यात मान मोडू शकते आणि डोक्यावर झेप घेतल्याबद्दल लढतीतून बाद करतात. पडणं सगळ्यात शेवटी येतं. मी तिथूनच सुरुवात करत होते.

आमचे सर एकच वाक्य बोलायचे, “बाही सोडू नकोस.” मला वाटायचं, पकड सुटून थ्रो वाया जाऊ नये म्हणून ते सांगतात.

२०१६च्या डिसेंबरमध्ये रँडोरी म्हणजे मोकळा सराव करताना माझ्या जोडीदारणीवर थ्रो लागला. माझा पहिला खरा माकिकोमी. पण अर्ध्यात मी बाही सोडली होती आणि वळण पुरं न करताच पाठीवर पडले. ती आधी पडली, तिच्यावर मी. माझं वजन गोल फिरून पुढे सरकायला हवं होतं, ते सरळ तिच्या बरगड्यांवर आलं. ती दोन महिने गादीवर आली नाही. चूक माझी होती. घाईची होती, आणि टाळता येण्यासारखी होती.

नंतरचे सहा महिने मी थ्रो मारले नाहीत, फक्त घेतले. सरांनी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. जाड गादीवर मोठ्या मुलींकडून रोज वीस-तीस वेळा. मागून एक अख्खं शरीर आपल्यावर येतंय हे जाणवत असताना हनुवटी छातीशी धरायची आणि डाव्या हाताने थाप मारायची. तेव्हा ते वाक्य मला कळलं. फेकणारीने बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली की माझं अंग आपोआप नीट वळायचं, थाप वेळेवर बसायची. सोडली की मी पोत्यासारखी आपटायचे. बाही धरायची ती खाली जाणाऱ्यासाठी.

२०१७ मध्ये कोडोकानने कोउचि-माकिकोमीला आपल्या यादीत जागा दिली. त्याच वर्षी आमचे आजोबा एकदा सराव बघायला आले. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, ज्युडोचं जॅकेट त्यांना अडचणच वाटे. सोतो-माकिकोमी तीनदा बघून म्हणाले, “ही आमच्या ढाकेची बहीण की गं.” कुस्तीच्या या डावात, मातीत, धरायला बाही नसते, हातच कवळावा लागतो. इथेही कॉलर सोडून आपण हातच कवळतो. त्या दिवसापासून मी कापड विसरून दंड शोधू लागले, आणि वळण जमायला लागलं.

२०१८च्या एका स्पर्धेत मी हाराई-गोशीला शिरले, पायाने झाडलं, समोरची मागे रेलून अडली. उजव्या हाताने कॉलर सोडली आणि वळत राहिले. हाराई-माकिकोमी. वाझा-आरी म्हणजे अर्धा गुण मिळाला. तिचा हात बगलेतच होता, त्यामुळे केसा-गातामेची पकड आयती तयार होती. दहा सेकंद धरून ठेवलं.

पण त्या चार वर्षांतला दिवस सांगायचा तर तो स्पर्धेचा नाही. २०१९च्या दिवाळीनंतर तीच जोडीदारीण समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मार, तोच.” मी म्हटलं, जाड गादी आणते. ती नको म्हणाली. मी हळू शिरले, वळले, दोघी गेलो. तिची थाप हॉलभर वाजली. ती उठू लागली तेव्हा तिचा उजवा हात वर येईना. खाली बघितलं, तर बाही अजून माझ्या मुठीत होती.