वेगाला लगाम : अभिजात धाटणीच्या मोटारींचे ब्रेक

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे आणि कामानी सभागृहात होणाऱ्या संगीत-नाट्याच्या कार्यक्रमांमुळे रसिकांची पावलेही इकडे वळत असतात. मंडी हाऊसच्या चौकातून निघालेला हा मार्ग इंडिया गेटभोवतीच्या षट्कोणी रस्त्याला जाऊन मिळतो. फरीदकोट हाऊस, बडोदा हाऊस, पतियाळा हाऊस अशा संस्थानी वास्तूंचा हा परिसर आहे. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ मध्ये सुरू केलेल्या रॅलीमुळे जुन्या मोटारींचा छंद राजधानीत चांगलाच रुजला. लांबट नाकाची, उघड्या छपराची, दोन आसनांची एखादी स्पोर्ट्‌स मोटार अशा रस्त्यावरून गेली, की पादचारी क्षणभर थबकतात.

पाहणाऱ्याचे लक्ष रंगाकडे आणि क्रोमच्या झळाळीकडे जाते. मालकाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो : पुढची गाडी एकाएकी थांबली, तर आपली थांबेल काय? भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा अनिवार्य झाली आहे. अशा आधुनिक मोटारींच्या गर्दीत साठ वर्षांपूर्वीच्या धाटणीचे ब्रेक घेऊन उतरणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

ही धाटणी महाराष्ट्रालाही परिचित आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची अत्यंत हलकी मोटार आणली. त्याच वळणाची ‘चिंकारा रोडस्टर’ पुढे अलिबागजवळ कार्लेखिंड येथे तयार झाली. फायबरची बॉडी आणि ॲम्बॅसडरमध्येही वापरले गेलेले १.८ लिटरचे इसुझु इंजिन अशी तिची जुळणी होती. मूळ ‘सेव्हन’च्या पहिल्या आवृत्तीत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. त्या काळच्या वेगांना आणि रहदारीला ते पुरेसे होते. परंतु अशा हलक्या मोटारीत अधिक शक्तिशाली इंजिन बसवले, की सारे गणित बदलते.

उष्णतेचे गणित

मोटार थांबवणे म्हणजे तिच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. सुमारे ८०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना निर्माण होणारी उष्णता एक लिटर साधे पाणी जवळजवळ उकळीस आणण्याइतकी असते. वेग दुप्पट झाला, की ही उष्णता चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने धावणारी मोटार ब्रेक लागल्यानंतर सुमारे १४ मीटरमध्ये थांबत असेल, तर १०० च्या वेगाला तिला सुमारे ५६ मीटर लागतात. चालकाचा पाय पेडलवर पडेपर्यंत जाणारा एक सेकंद हिशेबात धरला, तर त्यात आणखी २८ मीटरची भर पडते.

ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडली जाते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पेडल दाबूनही मोटार पुढे जात राहते. खंडाळा किंवा आंबोलीचा घाट उतरताना आलेला जळकट वास हीच पूर्वसूचना असते. डिस्क ब्रेकची चकती मात्र उघड्या वाऱ्यात फिरत असल्याने लवकर निवते. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच या तत्त्वाचे पेटंट घेतले होते. तथापि १९५३ साली डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

मोठी चकती म्हणजे उत्तम ब्रेक नव्हे

ब्रेक सुधारायचे म्हटले, की प्रथम मोठ्या चकत्या आणि रंगीत कॅलिपर डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः मोटारीला थांबवणारी अखेरची पकड टायर आणि रस्ता यांच्यामधली असते. टायर जुने, कडक झालेले असतील, तर सर्वांत महागडे ब्रेकही केवळ चाके जाम करतील. म्हणून सुधारणेचा आरंभ टायरपासून व्हावा.

दुसरी बाब ब्रेक ऑइलची. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी तेल बदलणे आणि जुन्या, फुगणाऱ्या रबरी होज पाइपांच्या जागी नवे पाइप बसवणे हा अल्प खर्चाचा पण मोठ्या लाभाचा उपाय आहे. जुन्या मोटारींत चारही चाकांसाठी तेलाचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली, की सारे ब्रेक निकामी होतात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही अशा मोटारीतील सर्वांत मोलाची सुधारणा म्हणावी लागेल.

त्यानंतर पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार करावा. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. येथे समतोल महत्त्वाचा. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरकस झाले, तर मागची चाके आधी जाम होऊन मोटार गरकन फिरते. कॅलिपरच्या पिस्टनांना लागणारे तेल मास्टर सिलिंडर पुरवू शकेल काय, हेही तपासावे लागते. सिलिंडर लहान पडला, तर पेडल फार खोल जाते. मोठा झाला, तर पायाला भलताच जोर लावावा लागतो. तेरा इंची चाकाच्या पोटात मोठा कॅलिपर मावत नाही, ही अडचण तर अनेकदा सुटे भाग विकत घेतल्यावरच लक्षात येते.

कायदा आणि कागदपत्रे

मोटारवाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. त्यांत मोटार मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे, विमा कंपनीला लेखी कळवणे आणि मोटारीवर कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्या बँकेची संमती घेणे हिताचे ठरते. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर ब्रेकवर वाचवलेले किंवा खर्चलेले पैसे दोन्ही व्यर्थ जातात. काढलेले मूळ भाग मात्र जपून ठेवावेत. पुढे मोटार मूळ रूपात आणायची झाल्यास त्यांचे मोल कळते.

काम पूर्ण झाल्यावरही घाई नको. नवे पॅड आणि चकत्या एकमेकांना रुळेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात वारंवार ब्रेक लावावेत, पॅड थंड होऊ द्यावेत आणि नळ्यांचे सांधे पुन्हा तपासावेत. ब्रेक कितीही चांगले झाले, तरी घाटात खालच्या गिअरचा आधार सोडू नये.

अशा मोटारीच्या जुळणीत इंजिनावर मोठा खर्च होतो आणि ब्रेकच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात. हा क्रम उलटा असावा. मोटार किती वेगाने धावते, हे शर्यतीत कामास येते. पुढे अचानक आलेल्या मुलासमोर ती वेळेवर थांबते की नाही, हे रोजच्या रस्त्यावर ठरते.